दोन डबे करडा रंग

आमच्या कारखान्यात रंग बनतात, आणि रंगांपेक्षा जास्त मतं बनतात. नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं तेव्हा ज्याला त्याला दोन-दोन मतं होती. मला एकच होतं, आणि नेमकं तेच कोणाला नको होतं.

मी संगणक विभागात. रंगांचे सगळे फॉर्म्युले जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात न्यायचे, एवढंच काम. कुठल्या रंगात पांढरा किती, काळी पेस्ट किती, निळी किती, वगैरे. नेण्याच्या वाटा दोन होत्या. एक म्हणजे नव्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला तयार तक्ता. त्यात माहिती ओतायची, बटण दाबायचं आणि मोकळं व्हायचं. दुसरी वाट माझी. माहिती आहे तशी आधी एका मधल्या जागेत आणायची, तिथे तिचा अर्थ लावायचा, ती निस्तरायची, तपासायची, आणि मगच आत सोडायची. या जागेला मी मधली खोली म्हणायचे. बाजारातून आणलेली भाजी निवडल्याशिवाय कोणी पातेल्यात टाकतं का?

तयार तक्त्याची वाट धरली होती बाहेरून आणलेल्या सल्लागाराने. माणूस हुशार, कपडे झकास, आणि काहीही विचारलं की उत्तर एकच, "झालंच समजा." म्हणून आम्ही त्याचं नावच 'झालंच' ठेवलं होतं. त्याने चाचणी घेतली आणि ऐटीत सांगितलं, "थोड्याच ओळी नाकारल्या गेल्यात. किरकोळ आहे."

किरकोळ या शब्दाने माझं डोकं फिरतं. मी त्या ओळी उघडून बसले. सगळ्याच्या सगळ्या वजाच्या! काळी पेस्ट, वजा इतकी. लाल पेस्ट, वजा तितकी. आता पिंपात वजा पेस्ट ओतायची कशी, हे मला कोणी तरी सांगायला हवं होतं.

मी प्रयोगशाळेत गेले. तिथल्या प्रमुख म्हणजे माझ्या सासूबाई. रसायनशास्त्रात डॉक्टरेट. घरी त्या आई, कारखान्यात मॅडम, आणि दोन्ही ठिकाणी मी त्यांना जरा टरकूनच असते.

"मॅडम, ही वजाची ओळ काय भानगड आहे?"

त्या किंचित ओशाळल्या. "अगं, मंजूर झालेल्या फॉर्म्युल्याला जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हात लावता येत नाही. बदलायचा तर मोठ्या साहेबांची परवानगी हवी, आणि साहेब कायम दौऱ्यावर. मग आम्ही शक्कल लढवली. काळा जास्त होतोय ना, टाका खाली वजाची ओळ. बेरीज बरोबर येते."

"जुन्यात येते. नव्याला वजा आकडा दिसला की ते आख्खी ओळच फेकून देतं."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आम्ही केलेल्या सगळ्या दुरुस्त्या..."

"गेल्या. फक्त चुका तेवढ्या शिल्लक राहिल्या."

बैठकीत मी हे सांगितलं तर झालंच म्हणाला, "नंतर हाताने भरून घेऊ." मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या पद्धतीला वेळ किती?"

"यांच्यापेक्षा जास्त."

"मग कशाला?"

माझा तोल गेला. "कारण चुकीचा रंग लोकांच्या भिंतीवर लागला की तो परत डब्यात भरता येत नाही, साहेब!"

सासूबाई छताकडे बघत होत्या. पण साहेब चिडले नाहीत, उलट त्यांना गंमत वाटली असावी. "ठीक आहे. उद्या दोन्ही पद्धतींनी एकच रंग बनवा. ज्याचा जुळेल त्याच्या हातात सगळं काम. दुसऱ्याने मग मध्ये तोंड घालायचं नाही."

हरले तर माझ्या वाट्याला काय येणार हे मला पक्कं माहीत होतं. झालंच फॉर्म्युले नेणार, आणि मी नि माझी दोन माणसं जन्मभर प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढत बसणार.

रंग निवडला इस्पितळांच्या भिंतींचा करडा. त्याने आपला फॉर्म्युला काढला, मी मधल्या खोलीतून वजाबाकी करून माझा काढला. प्रयोगशाळेत दोन डबे घुसळले गेले. मूळ नमुन्याच्या पांढऱ्या कार्डावर, करड्या पट्ट्याच्या डाव्या अंगाला त्याचा रंग ओढला आणि उजव्या अंगाला माझा.

त्याचा तंतोतंत जुळला. माझा फिका दिसत होता, चांगलाच फिका.

मी धावत जाऊन आकडे पुन्हा पाहिले. बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर, मग घोडं पेंड खातंय कुठे? झालंच खिशात हात घालून हसत होता. मोठे साहेब म्हणाले, "चला, निकाल लागला."

"साहेब," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आपण भिंती ओल्या विकतो का?"

"म्हणजे?"

"हा रंग वाळला की गडद होतो. मूळ पट्टा वाळलेला आहे, हे दोन्ही ओले. वाळू द्या की जरा."

कार्ड रंग वाळवायच्या छोट्या भट्टीत गेलं. मला त्यांचा राग आला, हे आधी सांगायला काय झालं होतं? मी भट्टीच्या काचेला नाक लावून उभी राहिले, आणि शेजारी झालंच.

कार्ड बाहेर आलं. डावा पट्टा ओल्या सिमेंटसारखा काळवंडला होता. वजा न झालेली सगळी काळी पेस्ट त्यात ठाण मांडून बसली होती. आणि उजवा? उजवा पट्टा दिसतच नव्हता. मोठ्या साहेबांनी चष्मा वर केला, कार्ड खिडकीशी नेलं, नखाने कड चाचपली. मूळ रंग कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो, ते त्यांना सापडेना.

"जिंकले!" मी ओरडलेच. लाजबीज काही वाटली नाही. भलता आनंद झाला होता, तो गिळून टाकायचं मला काही कारण नव्हतं.

झालंच दिलदार निघाला. कार्ड उलटसुलट करून म्हणाला, "ती मधली खोली मला दाखवाल?"

"दाखवते. आणि तुमचा तक्ताही लागेल मला. गिऱ्हाइकांचे पत्ते, डब्यांची मापं, हे सगळं स्वच्छ आहे. ते तुमच्या वाटेने जाऊ दे झटपट. फॉर्म्युले मात्र माझ्या वाटेने."

"आणि काय कुठून जाणार, हे ठरवणार कोण?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मी."

"ठरलं."

सगळे फॉर्म्युले निस्तरून आत गेले आणि मोठा मिक्सर पहिल्यांदा नव्या सॉफ्टवेअरवर चालला, तेव्हा सगळा कारखाना खाली जमला होता. पिंपातून हवा तोच करडा रंग येत होता. कानठळ्या बसवणारा आवाज. त्यातच सासूबाईंना घरून सासऱ्यांचा फोन आला. एका कानात बोट घालून त्या एवढ्या मोठ्यांदा बोलल्या, की फोरमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

"हो, हो, जमलं! अहो नाही, मी कसली मदत करतेय! चूक माझी होती, ती हिने शोधली. एकटीने!"