टेबलावर ठेवलेला पाना

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे. हातभर लांब, दोन किलो वजनाचा. लालबुंद असताना घणाचे घाव सोसले, तेव्हा कुठे मला आकार आला. वाटलं, झाला एकदाचा मार खाऊन! पुढे मलाच मारावं लागेल, हे कुठं ठाऊक होतं?

माझे मालक पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्याचे शेठ. दहा वर्षं मी त्यांच्या मशीनचे नट आवळले. "पाना असावा तर असा!" म्हणत ते मला स्वतः पुसायचे. मग मागणी घटली आणि शेठचं डोकं फिरलं. चाळीस माणसांचा पोशिंदा, पण मनातलं बोलणार कुणाजवळ? एके दिवशी त्यांनी मला मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या तोंडावर भिरकावलं. तीन दात फरशीवर पडले. शी! मला स्वतःचीच किळस आली.

शेजारच्या बेकरीवाल्या ताईंनी दरडावून शेठना मंगळवारच्या बैठकीला नेलं. तिथे पाच-सहा धंदेवाले जमत. रीत अशी, की रागाच्या भरात जे उगारलं ते टेबलावर ठेवायचं, मगच बोलायचं. सल्ला कुणी द्यायचा नाही, फक्त आपलं सांगायचं. ट्रकवाल्या अण्णांनी पहार ठेवली. "ड्रायव्हरला हाणली. आता तो स्वतःच्या मुलीला ओळखत नाही," म्हणाले आणि ढसाढसा रडले. शेठनी मला हळूच पहारीशेजारी ठेवलं.

चार मंगळवार बरे गेले. पाचव्या मंगळवारी कळलं, धाकट्या भावाने समोरच कारखाना काढून निम्मे कामगार पळवले. शेठनी ताईंना फोन केला. "आज येत नाही. धाकट्याला सरळ करायचंय."

"थांबा तिथंच!" ताई ओरडल्या.

ते कसले थांबतात! समोर जाऊन भावाच्या कारखान्याचं दार लाथेने उघडलं, त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली. "दादा, नको!" तो किंचाळला. मी वर गेलो, खाली आलो आणि हाड मोडल्याचा आवाज झाला.

हाड ताईंचं होतं. पिठाच्या हातांनी धावत येऊन त्यांनी मनगट मध्ये घातलं होतं. शेठनी मला बाजूला टाकून ताईंना सावरलं.

पुढच्या मंगळवारी शेठ दाराबाहेरच घुटमळले. आत यायला तोंड नव्हतं. गळ्यात हात बांधलेल्या ताई म्हणाल्या, "या आत. आज पहिली पाळी तुमची."

मित्रांनो, मला गंज चढला तरी चालेल. पण घरातला कर्ता माणूस गप्प गप्प राहू लागला, तर त्याला बरोबरीच्या माणसांत नेऊन बसवा. माझ्या घावाने एक मनगट गेलं. ती बैठक नसती, तर भाऊ गेला असता.