डाव्या बाहीतले छर्रे

इसामूंनी दोन्ही बंदुका आळीपाळीने खांद्याला लावून पाहिल्या आणि लांब होती ती लगेच काउंटरवर ठेवून दिली.

"हीच," आखूड बंदूक छातीशी धरून ते म्हणाले. "चिनात्सुला हीच बरी."

चिनात्सुने अजून एकीलाही हात लावला नव्हता. छर्रे उडवायच्या या खेळातल्या बंदुका तिला नवीन नव्हत्या. कॉलेजात असल्यापासून ती वडिलांबरोबर, म्हणजे इसामूंबरोबर, दर रविवारी टोकियोजवळच्या चिबाच्या रानात खेळायला जायची. मुलगी झाली, उता, आणि चार वर्षं खंड पडला. आता पुन्हा यायचं ठरवलं, तर वडिलांनी नवी बंदूक घ्यायचा हट्टच धरला होता.

फुनाबाशीतलं हे दुकान मोरिवाकी-सानांचं. ही आखूड, बुलपप जातीची बंदूक म्हणजे अगदी माझ्यासारखी, असं त्यांनी पोटावर हात फिरवत सांगितलं. सगळं वजन मागे, पुढे नुसता दिखावा. मोटर, दातेरी चाकं, मॅगझिन, सगळं चापाच्या मागे, गालाखाली. म्हणून नळी पुरी लांबीची असूनही बंदूक आखूड. पण खोडही लपवली नाही त्यांनी. चाकांची घरघर थेट कानात येते, आणि मॅगझिन बदलायला हात काखेपर्यंत न्यावा लागतो. खऱ्या बुलपपची काडतुसं डावखुऱ्याच्या तोंडावर उडतात म्हणे. हिच्यात काडतुसंच नाहीत, तेव्हा तेवढं तरी भांडण नाही.

चिनात्सुला खरं म्हणजे लांब बंदूक हवी होती. तिचे हात वडिलांसारखेच लांब, आणि मॅगझिन पुढे असायची सवय. तिने तसं म्हणून पाहिलं.

"चार वर्षं पोर कडेवर घेऊन फिरलीस ना," इसामू म्हणाले. "लांब धरलेलं ओझं हात मोडतं. अंगाशी धरलेलं कळतसुद्धा नाही."

लांब बंदूक उचलताना वडिलांनी पुढचा भाग डाव्या मुठीत धरला नव्हता, नुसता मनगटावर टेकवला होता, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. उताचा खोकला कोरडा की ओला, हे ती जसं कुणाला न सांगता मनात टिपून ठेवायची, तसं तिने हेही ठेवलं.

बंदूक वडिलांच्या घरी राहणार होती. मागच्या वसंतात चिनात्सुच्या जुन्या जाकिटाच्या खिशातला एक पांढरा छर्रा उताच्या मुठीत सापडला होता. तोंडापासून वीतभर अंतरावर. तेव्हापासून एकही छर्रा तिच्या घराचा उंबरा ओलांडणार नाही, असा नियम होता. इसामूंनी त्यावर एका शब्दाने वाद घातला नव्हता. खेळ संपला की गाडीत बसण्याआधी मी स्वतः तुझे बूट आणि बाह्या झटकीन, एवढंच म्हणाले होते.

सप्टेंबरातला शेवटचा रविवार. देवदारांच्या रानात अजून डास होते आणि सगळे पातळ सदऱ्यांत आले होते. मैदान चालवणाऱ्या ओगुरा-सानांनी नव्या बंदुकीचे तीन छर्रे यंत्रातून सोडायला लावले, वेग मर्यादेत आहे असं पाहून तिच्यावर तपासणीची चिकटपट्टी लावली आणि चिनात्सुला म्हणाल्या, तू नसतानाही तुझ्या बापाने एक रविवार चुकवला नाही गं.

"पहिल्या दिवशी मी चालवतो ही," इसामू म्हणाले. "चाकं बसायला हवीत. तू माझी जुनी घे."

जुनी लांब होती, जड होती आणि चिनात्सुला पाठ होती. सरावाच्या पट्टीवर तिने तीन छर्रे सोडले. तिन्ही पत्र्याच्या ताटलीवर वाजले. शेजारी नव्या बुलपपचे छर्रे मात्र निम्म्या वाटेवर वर उचलले जाऊन देवदारांच्या शेंड्यांत जात होते.

हे काही अवघड दुखणं नव्हे. नळीच्या मुळाशी एक लहानसं रबर असतं; ते छर्र्याला उलटी फिरकी देतं, म्हणून तो दूरवर सरळ जातो. रबर किती दाबायचं ते एक दातेरी चकती ठरवते. चकती फिरवताना बघायचं नाही, दाते बोटाला कळले पाहिजेत, असं इसामूंनीच तिला शिकवलं होतं. रबराला तेलाचा थेंबही लागू द्यायचा नाही, हेही त्यांचंच.

आता त्यांनी डाव्या हाताचा मोजा काढला होता आणि मान वाकवून, चकतीकडे बघत ती फिरवत होते. पुढचा छर्रा आणखी वर गेला.

"नवं रबर आहे," ते म्हणाले.

"मी बघू?"

त्यांनी बंदूक लगेच तिच्या हातात दिली. एरवी त्यांनी आधी चार टोमणे मारले असते. चिनात्सुने चकती तीन दाते मागे घेतली. छर्रा सरळ गेला. वडील छान म्हणाले आणि मोजा चढवू लागले. तो चढायला वेळ लागला.

या खेळात रंग उडत नाही की खूण राहत नाही. ज्याला छर्रा लागतो त्यानेच हात वर करून 'हिट' म्हणायचं आणि बाहेर चालू पडायचं. दुसरं कुणी सांगणार नाही, कुणी पाहिलेलंही नसतं. लागूनही न सांगणाऱ्याला झॉम्बी म्हणतात, आणि ते नाव एकदा चिकटलं की माणसाला दुसरं मैदान शोधावं लागतं. इसामू तर नुसत्या शंकेवरही हात वर करायचे. "पानाला लागला असेल हो," असं कुणी म्हटलंच तर "पान माझ्या बाजूचं होतं," म्हणत निघून जायचे. तीस वर्षं ओगुरा-सान नवख्यांना सांगत आल्या होत्या, नियम कळत नसतील तर इसामू-सानांकडे बघा.

दुसऱ्या डावात चिनात्सु ओंडक्यांच्या राशीआड होती, वडील दहा पावलांवर एका खोडामागे. समोरून हिरव्या टोपीचा एक पोरगा झुडपातून उठला आणि त्याने वडिलांवर नेम धरला. कापडावर टप्प असा आवाज आला. तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

इसामू हलले नाहीत. त्यांनी बुलपप गालाशी लावली, चाकं घरघरली, आणि हिरव्या टोपीचा हात वर गेला.

"हिट," पोरगा म्हणाला. बाहेर जाताना त्याने एकदाच मागे वळून पाहिलं. मैदानात वाद घालायचा नसतो.

चिनात्सुने स्वतःला सांगितलं, पिशवीला लागला असेल. वडिलांनी पिशवी घेतली नव्हती.

जेवणाला नेहमीप्रमाणे करी-भात होता. ओगुरा-सान पातेल्यातून करी वाढता वाढता, कुणाकडेही न बघता बोलल्या. "लागल्यासारखं वाटलं तरी हात वर करा. मुद्दाम कुणी करत नाही, मला ठाऊक आहे. पण एकाचं राहून गेलं की दुसऱ्याचा दिवस नासतो."

पोरांच्या टेबलावर कुणीतरी हळूच म्हणालं, "झॉम्बीला पेन्शन पण मिळते म्हणे." दोघं-तिघं खाली मान घालून हसली. हिरव्या टोपीचा पोरगा हसला नाही.

"बरोबर बोलल्या," इसामू लेकीला म्हणाले, भातावर करी ओढत. "आजकालच्या पोरांना सांगावंच लागतं."

चिनात्सुचा चमचा ताटात थांबला. वडिलांच्या चेहऱ्यावर लपवाछपवीची एक रेघही नव्हती. ते खरोखरच ओगुरा-सानांच्या बाजूने होते. खोटं बोलणारं माणूस तिला परवडलं असतं. उता खोटं बोलली की निदान तिचे कान लाल व्हायचे.

जेवण झाल्यावर तिने दंडावरची आपल्या संघाची पिवळी पट्टी सोडली आणि समोरच्या संघाची लाल मागून घेतली.

"बापावरच उलटलीस?" इसामू म्हणाले.

"तिकडे माणसं कमी आहेत, बाबा."

"ये, ये. सोडणार नाही हां मी."

ते बांबूच्या कुंपणाच्या उजव्या टोकाला येणार हे तिला माहीत होतं. तीस वर्षं ते तिथेच येत होते. ती वाकून वाट बघत राहिली. वीस पावलांवर ते दिसले. डावी बाजू तिच्याकडे, दंड खोडाबाहेर. तिने एकच छर्रा सोडला. बंदूक त्यांची होती, नळी त्यांनी पुसलेली, चकती त्यांनी लावलेली. छर्रा चुकायला काही कारणच नव्हतं. दंडावरचं कापड हललेलं तिला दिसलं.

इसामूंनी मान वळवली नाही. पलीकडच्या उजव्या कानावर डास बसला असावा; तो त्यांनी हाताने उडवला.

ते वळताच दुसरा छर्रा उजव्या खांद्यावर सोडता आला असता. चाप बोटाखाली होता. ती तशीच बसून राहिली, आणि मग वडिलांना ती दिसली. चाकं घरघरली. तिच्या पोटरीवर दोन छर्रे फटकन बसले.

"हिट," ती म्हणाली, हात वर केला आणि बाहेर चालू लागली. मागून त्यांचं समाधानाचं हसणं ऐकू आलं.

दुपार कलली तसे सगळे आवराआवरीला लागले. इसामूंनी बुलपपचं मॅगझिन काढलं, नळीत अडकलेला एक छर्रा खाली पाडला, मग रिकामा चाप एकदा ओढला. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत ठेवून दिली तर मरते; एकदा सोडून द्यावी लागते. बॅटरीची पिन मात्र त्यांच्या डाव्या चिमटीतून तीनदा निसटली. चिनात्सुने काही न बोलता ती काढून दिली.

गाडीपाशी त्यांनी वचन पाळलं. गुडघ्यांवर बसून तिचे बूट उपडे केले, पँटच्या दुमडी झटकल्या. दोन छर्रे निघाले. ते त्यांनी खिशात टाकले.

"आता तुमच्या बाह्या," ती म्हणाली.

"माझ्या घरी पोर नाही."

"माझी पोर येते ना तुमच्या घरी."

त्यांनी हात पुढे केले. उजव्या बाहीत काही नव्हतं. डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती. तिने ती उलगडली तसे छर्रे खडीवर टपटपले. मग तिने बाही खांद्यापर्यंत वर सारली.

लाल ठिपके होते. कोपराच्या वर चार, दंडाच्या बाहेरच्या अंगाला तीन. त्यांच्या मधेमधे फिकट पिवळे, मागच्या रविवारचे, कदाचित त्याच्याही मागचे.

इसामूंनी हात वळवून ते सगळे ठिपके पाहिले. मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "तो हिरव्या टोपीचा गेला का?"

गेला नव्हता. ते बाही तशीच वर ठेवून, टोपी काढून त्याच्यापाशी गेले. चिनात्सुला शब्द ऐकू आले नाहीत. वडिलांनी हात दाखवला, आणि मग कमरेत वाकले, खूप खाली. पोरगा गोंधळला आणि त्यांच्याहून खाली वाकला. मग दोघंही काही क्षण तसेच वाकलेले राहिले. दूर पातेलं घासणाऱ्या ओगुरा-सानांचा हात थांबला होता.

परत येऊन इसामू गाडीच्या मागच्या उघड्या दारात बसले. बुलपप त्यांनी आपण होऊन चिनात्सुच्या पिशवीशेजारी ठेवली.

"उद्या मी सुट्टी घेते," ती म्हणाली. "सकाळी आपण डॉक्टरकडे जाऊ."

त्यांनी मान डोलावली. समोर गाड्या एकेक करून निघत होत्या; ते त्या बघत होते.

"तूही मारलास ना एक? बांबूपाशी?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

तिने वाकून खडीवरचा एक छर्रा उचलला.

"बरं," ते म्हणाले. "यातला तुझा कुठला, तेवढं सांग."

चिनात्सु त्यांच्या शेजारी बसली. कोपराच्या वरच्या चारांतला दुसरा. तिने त्यावर बोट ठेवलं, मग थोडं दाबलं.

समोरच्या गाड्यांवरची नजर न काढता इसामू वाट बघत होते.

"सांग की," ते म्हणाले.