गालावरचं बोट

"मनगट पुढे करा," दारावरचा रखवालदार म्हणाला आणि पुढे आलेल्या चार मनगटांवर त्याने पटापट निळा शिक्का मारला. चौथं मनगट खळीचं होतं. तिने सहज विचारावं तसं विचारलं, "आज गर्दी आहे का हो आत?"

"बुधवार आहे ताई. परीक्षा संपलीय. अख्खं कॉलेज आत लोटलंय."

बुधवार आहे हे तिला चांगलंच ठाऊक होतं. तो तिनेच तर ठरवला होता. मैत्रिणीचा वाढदिवस खरा शुक्रवारचा, पण "बुधवारी फक्त कॉलेजची मुलं असतात, मजा येते," असं सांगून तिने सगळ्यांना पटवलं होतं. मजेशी तिला काही देणंघेणं नव्हतं. बुधवारी तिच्या बाबांची सुट्टी असायची.

तिचे बाबा याच क्लबमध्ये रिकामे ग्लास गोळा करायचे. या कामावर माणूस टिकत नसे. महिना-दोन महिन्यांत कान वाजायला लागत, डोकं उठे आणि माणूस दुसरं काम बघे. बाबा चार वर्षं टिकले होते, कारण ते जन्मापासून बहिरे होते. इतरांना नकोसा होणारा तो दणदणाट त्यांना नुसता पायांच्या तळव्यांतून कळायचा. मुलं त्यांना ग्लासवाले काका म्हणत. आई एका धोबीखान्यात इस्त्री करायची, तीही बहिरी. घरात ऐकू येणारी एकटी खळीच.

खळी हे तिचं कागदावरचं नाव नाही. आईबाबांनी तिला ठेवलेलं नाव तोंडाने घेता येत नाही, ते हाताने घ्यावं लागतं. तर्जनी गालावर खळीच्या जागी टेकवायची आणि किंचित फिरवायची, की झालं तिचं नाव. सहा महिन्यांची असताना ती पहिल्यांदा खुदकन हसली, तेव्हा बाबांनी हे नाव ठेवलं. आपण आपलं तिला खळी म्हणू, तेवढंच जवळचं.

अशा घरातलं मूल लवकर मोठं होतं. पाच वर्षांची असल्यापासून ती आईबाबांची दुभाषी होती. दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले, घरमालक का ओरडतोय, सगळं तिने हातांनी सांगायचं. एकदा शाळेत बाईंनी पालकांना बोलावलं. बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी वर्गात अखंड बडबड करते. शेजारणीला लिहू देत नाही." खळीने हातांनी सांगितलं, बाई म्हणतायत मुलगी फार हुशार आहे. बाबा हसले. बाई आणखी रागावल्या, तसे बाबा आणखी हसले. घरी पोचल्यावर बाबांनी शांतपणे विचारलं, ती शेजारीण कोण गं, जिला तू लिहू देत नाहीस? तेव्हा तिला कळलं, की बाबांना ओठांवरचं वाचता येतं. पुढे कितीतरी दिवस ते दोघं त्यावरून हसत.

पण शाळेत तिला 'मुक्यांची मुलगी' म्हणत, आणि तिथे कोणी हसलं तर ते वेगळं हसणं असे. डबा खाताना मुली तिच्यासमोर उगाच हात हलवून दाखवत. कॉलेजात आल्यावर तिने कोणाला काही सांगितलं नाही. बाबा काय करतात? हॉटेल लाइनमध्ये आहेत. त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. तीन महिन्यांत तिला तिघी मैत्रिणी मिळाल्या. वाढदिवसवाली, उंच म्हणून शिडी, आणि सतत काहीतरी खात असलेली चरणी. मधल्या सुट्टीत कोणीतरी तिच्यासाठी जागा धरून ठेवतंय, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ती जागा जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

आत हॉल ठासून भरला होता. लाल-निळे दिवे फिरत होते, भिंती थरथरत होत्या. एकमेकींशी बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडावं लागत होतं.

"काय घेणार?" शिडी ओरडली.

"काय?"

"काय घेणार!"

"हो, छान आहे!"

चौघी पोट धरधरून हसल्या. आणि हसता हसता खळीची नजर हॉलच्या पलीकडे गेली.

बाबा तिथे होते. काळा एप्रन, हातात रिकामा ट्रे. परीक्षा संपल्याची गर्दी म्हणून मालकाने त्यांना सुट्टीच्या दिवशी ऐनवेळी बोलावून घेतलं होतं. त्यांनीही तिला त्याच क्षणी पाहिलं. त्यांचा सगळा चेहरा उजळला. ट्रे काखेत धरून त्यांनी उजवा हात वर केला, तर्जनी गालावर टेकवली आणि फिरवली. मग पाची बोटं जुळवून तोंडाकडे नेली आणि भुवया उंचावल्या. जेवलीस का?

त्या हॉलमध्ये शे-दोनशे माणसं होती आणि हातभर अंतरावरचं कोणाला ऐकू येत नव्हतं. एवढ्या लांबून बोलता येईल अशी माणसं तिथे दोनच होती. खळीने हात खिशात घातले.

"तो बघ, तो बघ!" चरणीने तिला कोपर मारलं. "ते काका काय करतायत? तुझ्याकडे बघून करतायत का गं?"

बाबांनी पुन्हा नाव घेतलं. गालावर बोट. पुन्हा. त्यांना वाटलं असावं, दिव्यांत तिला नीट दिसलं नाही.

"ओळखतेस त्यांना?" वाढदिवसवालीने तिच्या कानात ओरडून विचारलं.

खळीने मान हलवली. ओरडून म्हणाली, "छे! कोण जाणे! वेडा दिसतोय कोणीतरी."

आवाजाच्या भरवशावर ती बोलून गेली. शब्द तोंडातून निघाले आणि मग तिला उमगलं. एवढ्या कल्लोळात कोणालाही ऐकू गेलं नसतं, पण बाबांना आवाज लागतच नव्हता. ती त्यांच्याकडे तोंड करून उभी होती आणि निळा दिवा नेमका तिच्या चेहऱ्यावर होता.

बाबांचं बोट गालावरच राहिलं. मग ते खाली आलं. त्यांनी जवळच्या टेबलावरचे ग्लास एकात एक घालत उचलायला सुरुवात केली. डाव्या हातात एक उतरंड, उजव्या हातात एक उतरंड. दोन्ही हात भरून घेतले आणि ते गर्दीत शिरले. हात भरलेले असले की बाबांना बोलता येत नाही, हे त्या हॉलमध्ये तिला एकटीलाच माहीत होतं.

इथेच थांबलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण चरणीला ती खूण फार आवडली. तिने गालावर बोट ठेवलं, ठेक्यावर फिरवलं आणि कंबर हलवली. शिडीने तसंच केलं. वाढदिवसवालीने दोन्ही गालांवर दोन बोटं ठेवली. शेजारच्या घोळक्यातल्या मुलांनी ते उचललं, आणि बघता बघता पंधरा-वीस जण गालावर बोट फिरवत नाचायला लागले.

"कर की गं! तू का थांबलीस?"

"मला नाही येत."

"यात न येण्यासारखं काय आहे?" शिडीने तिचा हात धरून तिचंच बोट तिच्या गालावर ठेवलं. मग खळी नाचली. आपलं नाव घेत नाचली. एकदा केल्यावर दुसऱ्यांदा सोपं गेलं, आणि तिसऱ्यांदा तर ती हसलीसुद्धा. त्या हसण्याने गालाला खळी पडली, हे तिला बोटाखाली जाणवलं.

बाबा रिकामा ट्रे घेऊन परत आले, तेव्हा वाढदिवसवालीने त्यांना वाटेत अडवलं.

"काका! काका, परत करा ना ते! व्हिडिओ काढतोय! माझ्या वाढदिवसाची पार्टी आहे, प्लीज!"

तिने खुणेने दाखवलं. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी एकेकीकडे पाहिलं. शिडी, चरणी. शेवटी खळी. तिच्यावर नजर इतरांइतकीच थांबली, जराही जास्त नाही.

खळीला वाटलं, ते आता निघून जातील. जावं, असं तिने मनापासून मागितलं. त्यांना वाईट वाटलंय एवढं तरी दिसू दे.

बाबांनी ट्रे टेबलावर ठेवला. एप्रन सारखा केला. आणि मोबाइलच्या उजेडात बघत गालावर बोट टेकवून ते कंबर हलवायला लागले. डावीकडे, उजवीकडे. पायांतून ठेका कळत असल्यामुळे त्यांचा ताल एकदाही चुकला नाही. मुलांनी टाळ्या पिटल्या. बाबांनी तोंड भरून हसून सगळ्यांना ते करून दाखवलं, असं करा, असं. जणू त्या खुणेचा कोणाशीच काही संबंध नाही, ग्लास गोळा करणाऱ्या माणसाची ती एक गंमत आहे नुसती.

मुलीला लपायचं होतं आणि बाबांनी तिला लपवलं होतं.

"काय भारी माणूस आहे ना?" वाढदिवसवाली ओरडली.

"हो," खळी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा बाबा स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. तिला वाटलं ते काही विचारतील. रात्रभर तिने उत्तरं जुळवली होती. बाबांनी तिच्यापुढे दूध ठेवलं. कॉलेज किती वाजता, असं विचारलं. संध्याकाळी छत्री घेऊन जा म्हणाले. सगळं होतं तसंच होतं. फक्त तिला हाक मारायची तर त्यांनी टेबलावर दोनदा टिचकी मारली. टेबलाची थरथर लागून तिने वर पाहिलं. आई मात्र नेहमीसारखी दारात उभी राहून गालावर बोट फिरवत होती, कारण आईला काही माहीत नव्हतं. तिने हाक मारली की बाबा भांड्यांकडे वळत.

कॉलेजात तो व्हिडिओ मोबाइलवरून मोबाइलवर गेला. जिन्यात, ग्रंथालयात, कॅन्टीनच्या रांगेत मुलं एकमेकांना बघून गालावर बोट फिरवायला लागली. लांबून कोणी तसं केलं, की दर वेळी खळीची मान आपसूक वळायची. दर वेळी ती खूण दुसऱ्याच कोणासाठी असायची.

शुक्रवारी तिने धीर करून वाढदिवसवालीला विचारलं, "तो व्हिडिओ काढून टाकशील?"

"का गं? किती गोड आहेत काका."

खळीने तोंड उघडलं. सांगायला तीन शब्द पुरे होते.

"असंच," ती म्हणाली. "त्यांना आवडलं नसेल कदाचित."

"नाही कसं? हसत नव्हते का? तू पण ना, भलताच विचार करतेस." आणि तिने शेजारची बॅग उचलून खळीसाठी धरलेली जागा मोकळी केली. खळी त्या जागेवर बसली.

शनिवारी दुपारी चार वाजता ती क्लबवर गेली. अजून उघडायचं होतं. फिरते दिवे बंद होते आणि साध्या ट्यूबलाइटच्या उजेडात तो हॉल एखाद्या शाळेच्या वर्गासारखा दिसत होता. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या. दारात तोच रखवालदार स्टुलावर बसून संत्रं सोलत होता.

"अजून वेळ आहे. सातनंतर या."

"मला ग्लासवाल्या काकांना भेटायचंय."

त्याने तिला नीट पाहिलं. "तू बुधवारच्या घोळक्यातली ना? व्हिडिओवाली? आता काय, पुन्हा नाचवायचंय त्यांना? एक बोलू का? बापाच्या वयाचा माणूस आहे तो."

"मी त्यांची मुलगी आहे."

रखवालदाराचा हात थांबला. "थापा नको मारूस. त्यांची मुलगी परगावी असते."

"कोण म्हणालं?"

"तेच म्हणाले, आणखी कोण? आधी इथल्याच कॉलेजात होती, फार हुशार आहे म्हणून सारखं वहीत लिहून दाखवायचे. परवा आले आणि लिहून दिलं, पुढच्या शिक्षणाला परगावी गेली. मी म्हटलं, असं अचानक? तर म्हणाले, हो."

एवढ्यात आतून बाबा ओलं फडकं घेऊन आले. तिला पाहून जागच्या जागी थबकले. रखवालदाराने तिच्याकडे बोट दाखवलं, मग त्यांच्याकडे, आणि भुवया उडवल्या. ही तुमची?

बाबांनी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. हात शांत ठेवून ते खळीच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांच्या वतीने बोलायचं काम कायम तिचंच होतं. आता काय सांगायचं तेही ती ठरवेल, म्हणून ते थांबले होते.

खळीने हातांनी सांगितलं आणि तोंडानेही, रखवालदाराला ऐकू जाईल असं. "माझे बाबा."

रखवालदार संत्रं तसंच हातात धरून उठून उभा राहिला.

बाबांनी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. दारात, मग दाराबाहेरच्या रस्त्यावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कोणाला शोधतायत म्हणून तिनेही वळून पाहिलं, आणि मग तिच्या लक्षात आलं.

"कोणी नाही," तिने हातांनी सांगितलं. "मी एकटीच आलेय."

बाबांनी मान डोलवली. उजव्या हातातलं फडकं डाव्या हातात घेतलं. मोकळा झालेला हात वर आला, हनुवटीपर्यंत आला आणि तिथे घुटमळला. मग त्यांनी तो एप्रनला पुसला. जवळच्या टेबलावरची एक खुर्ची उतरवली, फडक्याने स्वच्छ पुसली आणि, गिऱ्हाइकाला दाखवतात तसा तळहात उघडा धरून, बसा अशी खूण केली.