इंदिरा ऊर्फ चंद्रिका, राहणार लोणावळा

मुंबईतल्या त्या संस्थेचं नाव मी घेणार नाही. घेतलं की अजून डोकं तडकतं. अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र एकत्र घेऊन एम. ए. करायची सोय तिथे होती. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. बायकांना घेतात हेच पुष्कळ, असं जो तो मला ऐकवायचा. मी पुण्यात गणित घेऊन बी. ए. झाले होते, पहिल्या वर्गात. लढाईचे दिवस होते. तांदळाचे भाव चढले की कुणाच्या ताटातलं किती कमी होतं, हे आकड्यांनी दाखवता येतं, असं आमचे प्रोफेसर सांगायचे. मला ते शिकायचं होतं. एवढीच माझी मागणी, चंद्र नव्हता मागितला कुणाकडे.

पण मध्ये लग्न झालं.

तळेगावच्या वामन गद्रे वैद्यांची मी इंदिरा. वैशाखात लोणावळ्याला मोघ्यांच्या घरी आले आणि ह्यांनी तबकातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, चंद्रिका. ह्यांचं, म्हणजे गंगाधरांचं, त्यात काही डोकं नव्हतं. हे वलवणच्या धरणावर ओव्हरसियर, यांना भिंत आणि पाणी यांपलीकडे काही सुचत नसे. नाव निवडलं मामंजींनी. मामंजी म्हणजे माझे सासरे माधवराव, शाळेचे निवृत्त हेडमास्तर. स्वभावानं देवमाणूस. ‘सूनबाई, तू शीक. मोघ्यांच्या घरात पुस्तकाला आडकाठी नाही,’ हे त्यांनी लग्नाच्या बोलणीतच सांगितलं होतं. एवढ्या चांगल्या माणसावर चिडायचं तरी कसं? पण चिडले. सांगते.

मी अर्ज लिहिला तो माहेरच्या नावानं. बी. ए.चा कागद त्या नावाचा, मग दुसऱ्या कुठल्या नावानं लिहिणार? कु. इंदिरा वामन गद्रे, खाली माझी सही. अर्ज मामंजींच्या हातात दिला. बाईमाणसाच्या अर्जाला पालकाचं संमतिपत्र लागतं, ते लिहून, जोडून, त्यांनी स्टेशनाजवळच्या पेटीत टाकायचं, एवढंच काम.

महिन्यानं मुंबईहून उत्तर आलं. एक नाही, दोन उत्तरं आली!

पहिलं कुमारी इंदिरा गद्रे यांना. आपले गुण उत्तम आहेत, परंतु पालकाची संमती जोडलेली नसल्यानं अर्ज नामंजूर. दुसरं सौभाग्यवती चंद्रिका मोघे यांना. आपल्या सासऱ्यांचं संमतिपत्र मिळालं, परंतु आपण पदवीधर असल्याचा काही पुरावा नसल्यानं अर्ज नामंजूर. मी मेली एकटी, आणि नापास दोनदा.

‘मामंजी, ही चंद्रिका कुठून आली?’ मी दोन्ही पत्रं त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं. ‘अगं, तू घाईघाईत नाव चुकवलं होतंस. लग्न झालेल्या मुलीनं स्वतःला कुमारी लिहायचं? मी स्वच्छ अक्षरात नवा अर्ज लिहिला. संमतिपत्र त्याला जोडलं.’

‘मग माझा अर्ज कशाला धाडलात?’

‘इंदिरा म्हणजे लक्ष्मीचं नाव. फाडून टाकायचा जीव होईना. म्हटलं, जाऊ दे बरोबर. तुझा पदवीचा कागद त्यालाच टाचलेला होता.’

‘आणि नव्या अर्जावर माझी सही?’

‘ती मीच केली की. तू मोरीत कपडे धूत होतीस, कशाला उठवायचं?’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर पोरांची शुद्धलेखनं तपासलेला माणूस, त्यानं सुनेलाच तपासून टाकलं! मी त्या दिवशी पोळ्या इतक्या जोरात लाटल्या की सासूबाई म्हणाल्या, ‘पोळपाटाचा काय दोष?’ मामंजींना मात्र खरंच वाईट वाटलं. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे धोतर नेसून तयार. ‘चल, मुंबईला जाऊ. मी त्यांना समजावतो.’

समजावतो म्हणे. संस्थेच्या कचेरीतला सुपरिंटेंडंट आम्हा दोघांकडे बघायलाही तयार नव्हता. मामंजींनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, तबकातल्या तांदळासकट. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘या दोन्ही बाई एकच आहेत याला पुरावा काय?’

‘मी पुढ्यात उभी आहे ना!’ मी म्हणाले.

‘आपण उभ्या आहात, हे दिसतं. कोण उभ्या आहात, हे कागदावर पाहिजे.’

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी हात जोडले. इंदिरा गद्रेचे गुण यादीत अगदी वरचे होते, म्हणून त्यानं एवढी दया केली की सोमवारपर्यंत जागा राखून ठेवली. तोवर हे दोन्ही अर्ज घेऊन जा, आपल्या तालुक्याच्या मामलेदारापुढे प्रतिज्ञापत्र करून आणा, वडील आणि सासरे दोघांनी ओळख पटवलेलं. नाही आणलं तर जागा पुढच्या उमेदवाराला.

सासरे होतेच. वडिलांना आणायला तळेगावात गेले, तर अण्णा एकदम ताठ.

‘व्याही-व्याही आणि मध्ये मुलगी, असे कचेरीची पायरी चढलो तर लोक काय म्हणतील? काडीमोड म्हणतील! तुझ्या धाकट्या बहिणीचं अजून व्हायचंय.’

‘अण्णा, माझी जागा जाईल हो.’

‘जाऊ दे. एक वर्षानं काय बिघडतं?’

माझं काय बिघडतं ते मला माहीत होतं. पुढच्या वर्षी ओटीत कुणी असतं, घरात आणखी काही निघालं असतं, आणि मामंजींची हौस टिकली असती की नाही कोण जाणे. या वर्षी नाही म्हणजे कधीच नाही. मी तिथेच ओसरीवर बसले आणि म्हणाले, ‘येत नाही तोवर पाणी घेणार नाही.’ गद्रे वैद्यांच्या दारात मुलगी उपाशी! औषधाला आलेले रोगी टकमक बघायला लागले. अण्णांनी शेवटी उपरण्यात तोंड गुंडाळलं आणि निघाले.

वडगावच्या मामलेदार कचेरीत व्हायचं ते झालंच. बाहेर आंब्याखाली शेतकरी मंडळी बसली होती. नवलाख उंबरे गावची एक म्हातारी, झुंबरबाई, नवऱ्यामागं जमिनीला आपलं नाव लावायला आली होती. अण्णांच्या औषधानं तिचा खोकला बरा झालेला, तिनं उपरण्यातूनही त्यांना ओळखलं.

‘वैदबुवा, हितं कुटं? पोरीला सासरी जाच हाय व्हय?’

‘नाही हो मावशी,’ मी म्हणाले. ‘सासरी सुख आहे. नावाचा जाच आहे.’

‘नवऱ्याचं नाव खराब झालं?’

‘माझं!’

ती कळवळून च् च् करायला लागली. पुढं सांगण्यात अर्थ नव्हता. अण्णा तर खांबाकडे तोंड करून उभे.

आत अव्वल कारकुनानं प्रतिज्ञापत्र लिहून काढलं. बरा वाटला. इंदिरा ऊर्फ चंद्रिका, राहणार लोणावळा, वगैरे. अण्णांनी सही केली, मामंजींनी आपली वळणदार सही केली. मग त्यानं टाक माझ्याकडे केला आणि तसाच मागे घेतला.

‘कोणत्या नावानं करणार सही?’

‘इंदिरा गद्रे. माझी तीच सही आहे.’

‘कशी चालेल? लग्नानंतर त्या नावाची व्यक्ती नाही.’

‘मग चंद्रिका मोघे करते.’

आम्ही मुंबईहून आणलेले अर्ज त्यानं उलटसुलट पाहिले. ‘या अर्जावर चंद्रिका मोघे यांची सही आहे. तशी येते का करता?’

मी मामंजींकडे पाहिलं. मामंजी छताकडे पाहत होते. तशी सही जगात फक्त त्यांनाच येत होती.

‘दोन्ही नावांनी करते!’ मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

‘एका बाईच्या दोन सह्या? बाई, मग हे फसवणुकीत जाईल.’

‘म्हणजे मी कोण हे ठरल्याशिवाय सही नाही, आणि सही केल्याशिवाय मी कोण हे ठरत नाही, असंच ना?’

‘बरोबर बोललात,’ तो म्हणाला. त्याला खरंच कौतुक वाटलं असावं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण इथे सहा जन्म थांबले असते तरी हे सुटलं नसतं. दारातून झुंबरबाई सगळं बघत होती. तिचा अंगठा आधीच शाईनं काळा झालेला. कारकुनाची नजर त्या अंगठ्यावर गेली आणि त्याचा चेहरा उजळला.

‘सोपं आहे की! अंगठा द्या. अंगठ्याला माहेर-सासर नसतं.’

मी बी. ए. आहे, असं सांगायला तोंड उघडलं, एवढ्यात मामंजी पुढे झाले. या माणसानं निवृत्तीनंतर वलवणात रात्रीचे वर्ग चालवले होते. अंगठे पुसून माणसांना सही शिकवायची, हा त्यांचा ध्यास. ‘नाही,’ ते म्हणाले, ‘माझी सून अंगठा लावणार नाही.’

‘मग सोमवारचं काय, मामंजी?’ मी विचारलं.

 मी डावा अंगठा पुढे केला. कारकुनानं तो शाईत दाबला, कागदावर लोळवला आणि शेजारी लिहिलं, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. मामंजी तोवर बाहेर निघून गेले होते.

झुंबरबाईनं माझा हात आपल्या हातात घेतला. ‘केसाला पूस. लुगड्याला नगं, डाग जात न्हाई.’ मग हळूच म्हणाली, ‘शाळेत न्हाई धाडलं व्हय तुला? रडू नगं. आमी तरी कुटं गेलतो? आपलं काय अडतं?’

मी रडत नव्हते. रागानं डोळे वाहत होते. पण तिला काय सांगणार? मान हलवली आणि अंगठा केसाला पुसला.

सोमवारी आम्ही मुंबईला गेलो. सुपरिंटेंडंटनं प्रतिज्ञापत्र खालपासून वरपर्यंत वाचलं, दोन्ही अर्ज एकत्र टाचले आणि प्रवेश मंजूर केला. झालं एकदाचं! मला इतकं हलकं वाटलं की त्याला धन्यवादही मीच दोनदा दिले. त्यानं नोंदवही पुढे केली. मी टाक उचलला.

‘हं हं,’ तो म्हणाला, ‘प्रतिज्ञापत्रावर जी खूण, तीच इथे. कागद जुळायला हवेत.’

‘अहो, पण मला लिहिता येतं!’

‘येत असेल. आमच्याकडे तशी नोंद नाही.’

वाद घालायला मी तोंड उघडलं होतं. त्यानं पुढच्या उमेदवाराचा अर्ज नुसता बोटानं जवळ ओढला. मी टाक खाली ठेवला.

मग दोन वर्षं तेच. फी भरली, अंगठा. ग्रंथालयातून पुस्तक घेतलं, अंगठा. परीक्षेच्या हॉलमध्ये हजेरीची वही फिरायची, तेव्हा शेजारची मुलं आधी वहीकडे आणि मग माझ्याकडे बघायची. अंगठ्याच्या जागी सहीची नोंद करून घ्यायचे तीन अर्ज केले, तिन्ही अर्जांना उत्तर एकच, अर्जावरची सही नोंदीशी जुळत नाही. संख्याशास्त्रात मी पहिली आले. मामंजींनी गावभर पेढे वाटले. पदवीचा कागद घ्यायला मात्र माझ्याबरोबर आले नाहीत, गुडघा दुखतो म्हणाले.

कागद मिळाल्याची वही टेबलावर उघडी होती. ओळीनं एकाखाली एक झोकदार इंग्रजी सह्या, एम. ए. झालेल्यांच्या. माझ्या नावापुढची जागा रिकामी होती, आणि शिपायानं न विचारता शाईची गादी माझ्याकडे सरकवली.