परवाना येईपर्यंत

व्हर्ना टॉलिव्हरच्या बोटांना ठसेच उरले नव्हते. बावीस वर्षं तिने फोर्ट लॉडरडेलच्या धक्क्यांवर लोकांच्या यॉटी धुतल्या होत्या. सागवानी डेक उजळायला अ‍ॅसिड, बुरशीला ब्लीच, पितळेला आणखी काहीतरी झोंबणारं. मशीनच्या काचेवर बोट टेकवलं की पडद्यावर नुसता करडा डाग उमटायचा. मशीनवरची बाई दोनदा काच पुसून म्हणाली, "तुम्ही बँक लुटलीत तरी कुणाला पत्ता लागणार नाही." व्हर्नाही हसली. पण राजधानीतल्या खात्याला विनोद कळत नाहीत. ठसे वाचता येत नाहीत, पुन्हा द्या, असं पत्र आलं. पुन्हा दिले, पुन्हा तेच. मग नावावरून चौकशी करायचं ठरलं आणि त्यात आणखी दोन महिने गेले.

परवाना हवा होता यॉट विकण्याचा. एक्कावन्न वर्षांची बाई, गुडघे गेलेले. बोटीच्या तळाशी, इंजिनाच्या बगलेत रांगत शिरणं आता होत नव्हतं. लमार स्ट्रिकलंड हा नदीकाठचा जुना दलाल. त्याच्या विकाऊ बोटी धुण्याचं काम तिच्याकडेच असे. तोच एकदा म्हणाला होता, की गिऱ्हाइकाला तू जेवढं सांगशील तेवढं माझी टाय लावलेली माणसंही सांगू शकणार नाहीत. परवाना काढ, माझ्या हाताखाली विकायला लाग. व्हर्नाने त्याच आठवड्यात अर्ज भरला. आपण सच्छील आहोत असं शपथेवर लिहून द्यायचं असतं. तिने पेन उचलून क्षणभर विचार केला, मग लिहून दिलं. एवढ्या वर्षांत कुणाचा चमचासुद्धा उचलला नव्हता.

लमारने एक गोष्ट मात्र बजावून ठेवली. परवाना येईपर्यंत गिऱ्हाइकापुढे बोटीबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

"बरं बोललीस तरी दलाली, वाईट बोललीस तरी दलाली," तो म्हणाला. "बिनपरवाना बोललीस म्हणून कुणी एक ओळ लिहून कळवलं, की तुझा अर्ज कायमचा गेला. वर माझाही परवाना टांगणीला लागेल. कुणी विचारलं तर काय म्हणायचं?"

"मिस्टर लमारना विचारा."

"शाब्बास."

एप्रिलमध्ये एक बेचाळीस फुटी बोट विकायला आली. वीस वर्षांची, पण दिसायला नीटस. व्हर्ना दोन दिवस ती धूत होती. खाली उकडत होतं, म्हणून जनरेटर लावून एसी सुरू ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं असं जड झालं, की कुणी फडकं आवळून बांधलंय असं वाटावं. डेकवर येऊन बसली, तर अर्ध्या तासात बरं वाटलं. खाली जाऊन पाहिलं, तर मागच्या केबिनमधल्या कपाटाच्या पाठीला पंख्याच्या आकाराची काजळी धरली होती. तिने ती पुसली. काळं दिसलं की पुसायचं; बावीस वर्षांत हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. कपाट पांढरंशुभ्र झाल्यावर तिने फडक्याचा वास घेतला, आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. जनरेटरचा धूर बाहेर न जाता कुठूनतरी आत येत होता. विषारी धुराची सूचना देणारी घंटी खणात पडली होती, सेल काढून. ती उगाच ओरडते, असं मालकाचं म्हणणं होतं.

तिने त्याच संध्याकाळी लमारला सगळं सांगितलं. मालकाच्या कानावर घालतो, मिस्त्री पाठवायला सांगतो, असं तो म्हणाला. चार दिवसांनी हत्यारांची पेटी घेतलेला एक माणूस त्या बोटीवर चढताना तिने लांबून पाहिला आणि मनातून विषय काढून टाकला. तो संडासाचा पंप बदलायला आला होता, हे पुढे कळलं.

मग बोट तपासणारा आला. छोट्या हातोडीने ठकठक करत त्याने बोटीचं अंग अन् अंग वाजवून पाहिलं. बोट समुद्रात नेली, जनरेटरही चालवला. पण बोट पळत असली की वारा धूर मागे ओढून नेतो. कपाटाशी तो वाकला, पांढरं लाकूड पाहिलं आणि पुढे गेला. जाताना व्हर्नाला म्हणाला, इतकी स्वच्छ बोट यंदा पाहिली नाही. ती बिचारी लाजली.

घेणारं जोडपं ओहायोचं होतं, गिल्बर्ट आणि रोझलिंड फेरॅबी. तीस वर्षं चालवलेली बेकरी विकून आलेली माणसं. गिल्बर्ट वर लमारबरोबर सुकाणू धरून बघत होता. रोझलिंड खाली आली. मागच्या केबिनमध्ये व्हर्ना चादर घालत होती. रोझलिंडने गादीवर हात फिरवला.

"आयुष्यभर भट्टीपुढे उभी राहिलेय. मला थंड खोली हवी. इथे रात्रभर एसी लावून झोपलं तर चालेल ना हो?"

व्हर्नाच्या हातात उशीचा अभ्रा होता. मिस्त्री येऊन गेलाय, असं ती मनाला सांगत होती. नसेल आला तर? अर्ज पाचव्या महिन्यात होता. जिन्याच्या वरून लमारचं हसू ऐकू येत होतं.

"ते मिस्टर लमारना विचारा," ती म्हणाली.

रोझलिंडने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग वर गेली.

परवाना जूनमध्ये एका मंगळवारी आला. त्याच्या आदल्या रविवारी फेरॅबी नवरा-बायको खाडीत नांगर टाकून राहिले होते. वारा पडलेला, जनरेटर चालू. गिल्बर्ट घोरतो म्हणून रोझलिंडने त्याला उशी देऊन वर डेकवर पिटाळलं होतं. तेवढ्याने तो वाचला.

बुधवारी लमारने व्हर्नाला बसवून घेतलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. जलपोलीस विचारायला येतील, म्हणाला. तू धुणारी होतीस, धुणारीवर बोटीची जबाबदारी नसते. तू मला काही बोललीस असं मला तरी आठवत नाही. आणि काजळी तू पुसलीस हे तू सांगितलंस, तर उद्या वकील तुलाच धरतील. शेवटचं म्हणताना त्याने तिचा हात थोपटला, आणि त्याला खरंच तिची काळजी वाटत होती, हेच वाईट.

शुक्रवारी गिल्बर्ट बोटीचे कागद न्यायला आला. लमार बाहेर गेला होता. व्हर्नाने त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली. कॉफी त्याने नुसती हातात धरली.

"तुम्ही चादर घालत होतात ना त्या दिवशी," तो म्हणाला.

"हो."

"मोटेलवर गेल्यावर रोझ म्हणाली, त्या बाईला ही बोट आवडत नाही. सारखं तेच. मी म्हटलं, अगं, जिला धुवावी लागते तिला कुठली बोट आवडणार?" त्याने कप खाली ठेवला. "हसलो मी. तीही हसली मग."

तो कागद बगलेत मारून गेला. ती खिडकीतून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. मग तिने लमारच्या टेबलावरून जलपोलिसांच्या अधिकारीणबाईंचं कार्ड उचललं. फोन केला नाही. बस पकडून थेट गेली.

अधिकारीणबाई तरुण होत्या, नीट ऐकणाऱ्या. व्हर्नाने डोकेदुखी सांगितली, काजळी सांगितली, पुसलेली सांगितली. खणातली घंटी, लमारला केव्हा आणि कुठल्या शब्दांत सांगितलं ते. रोझलिंडने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, तेही. बाई लिहीत होत्या. मधेच थांबून म्हणाल्या, हा जबाब परवाना खात्याकडेही जाईल, कल्पना आहे ना? व्हर्ना म्हणाली, आहे.

"म्हणजे केवळ परवाना नव्हता, म्हणून तुम्ही गप्प बसलात."

"हो."

"आणि असता तर सांगितलं असतं?"

व्हर्ना लगेच हो म्हणणार होती. पण परवाना असता तर त्या विक्रीत तिचा वाटा असता. गुडघ्याचं ऑपरेशन असतं. लमार वर हसत असता, आणि अभ्रा सोडून तीही वर त्याच्या शेजारी, इस्त्रीच्या कपड्यांत उभी असती.

"नाही सांगता येत," ती म्हणाली. "हे नका लिहू."

"लिहावं लागेल, बाई."

व्हर्नाने मान डोलावली आणि बाईंचं लिहून होण्याची वाट बघत बसली.