चोवीस जणांचं बसणं

प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर वार्धक्य विभाग होता आणि वरच्या मजल्यावर संरक्षण विभाग. दोन्हीकडे यंत्र एकच बनत होतं. कमरेला पट्टा, मांड्यांना आणि पोटऱ्यांना दांड्या, गुडघ्याशी मोटर, आणि माणूस कसा चालतो ते शिकून त्यालाच चालवणारा एक प्रोग्रॅम. खाली त्याला राखाडी रंग देत आणि ‘आधार’ म्हणत. वर हिरवा रंग देत आणि नाव विचारू देत नसत. खालच्या नोंदींवरून प्रोग्रॅम जे शिके, तेच वरच्या यंत्रांतही जाई.

तळमजल्यावर नोंदी ठेवणारी बाई नऊ वर्षं इमानेइतबारे लोकांचं चालणं मोजत आली होती. समोरून येणाऱ्या माणसाचा डावा गुडघा अजून किती दिवस साथ देईल हे तिला बघताक्षणी कळायचं, आणि ती ते सांगूनही टाकायची. त्यामुळे नातेवाईक तिला कार्याला बोलावताना दोनदा विचार करत.

तिचे वडील, अप्पा, जन्मभर विजेच्या खांबांवर चढले आणि म्हातारपणी गुडघे गेले तेव्हा चौथ्या मजल्यावर अडकले. इमारतीला लिफ्ट नव्हती. चार वर्षं त्यांनी जग खिडकीतून पाहिलं आणि दिसलेल्या प्रत्येक गोष्टीत चूक काढली. शेवटी बाईने खटपट करून त्यांना चाचणीत घुसवलं. ‘आधार’ बांधून अप्पा पहिल्यांदा एकटे खाली उतरले, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेले, त्याच्याशी यथेच्छ भांडले, आणि दहा वर्षांनी लहान होऊन घरी आले.

चाचणीचा नियम साधा होता. तीनदा पडला की माणूस बाद, आणि यंत्र परत. जिना उतरताना तिसऱ्या-चौथ्या पायरीला यंत्राचा गुडघा अडायचा. महिन्याभरात अप्पा दोनदा पडले होते. तिसऱ्यांदा पडले तेव्हा बाई टॅबलेट घेऊन मागेच उभी होती.

“लागलं का अप्पा? पडलात.”

“बसलोय. दम लागला म्हणून बसलो.”

“तुमचा चष्मा चार पायऱ्या खाली आहे.”

“तोही बसलाय.”

टॅबलेटवर दोन रकाने होते. ‘पडले’ आणि ‘स्वेच्छेने बसले’. बाईने दुसऱ्यावर बोट ठेवलं, आणि मागे जाऊन पहिल्या दोन नोंदीही सुधारल्या. नंतर अप्पा आणखी चारदा बसले. एकाला माया आणि दुसऱ्याला नियम हे तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून चाचणीतल्या बाकीच्या तेवीस म्हाताऱ्यांनाही तिने बसवलं.

प्रोग्रॅम आज्ञाधारक होता. जिना उतरताना माणसाला बसावंसं वाटतं, हे तो त्या नोंदींवरून शिकला. हळूहळू तिसऱ्या-चौथ्या पायरीला तो स्वतःच गुडघे अलगद दुमडून माणसाला खाली टेकवू लागला. पडणं थांबलं. “माझ्या जावयापेक्षा समजूतदार आहे,” एक आजी म्हणाल्या. विभागप्रमुख सरांनी त्यावर एका परिषदेत भाषण केलं आणि शाल घेऊन आले.

मग एका सकाळी वरच्या मजल्यावरचे कर्नल जिना उतरून खाली आले. अप्पा तेव्हा तपासणीसाठी आले होते आणि भिंतीच्या कडेने ऐटीत फेऱ्या मारत होते.

“बारा जवान,” कर्नल सरांना म्हणाले. “पाठीवर तीस-तीस किलो. उताराला लागले आणि एकामागून एक खाली बसले. शिस्तीत, ओळीने.”

“प्रोग्रॅम वापरणाऱ्याची इच्छा ओळखतो, साहेब.”

“ड्युटीवर जवानाला इच्छा नसते.”

“तेवढं अजून यंत्राला शिकवायचं राहिलंय.”

“एकाचं माकडहाड मोडलंय. पुढच्या महिन्यात चारशे जण हेच पाय बांधून डोंगर उतरणार आहेत, आणि समोरून गोळ्या येत असतील. तिथे ते बसले तर?” कर्नल अप्पांकडे वळले. “आजोबा, तुम्ही जिन्यावर बसता?”

“बसतो की.”

“मनाने?”

“मनाने नाही तर काय, तुमच्या हुकमाने?” अप्पा हसले आणि त्यांनी लेकीकडे पाहिलं. खांबावर चढलेला माणूस खाली वीज बंद करून बटणापाशी उभ्या असलेल्या साथीदाराकडे पाहतो, तसं. तिने फक्त बटणाला हात लावायचा नव्हता.

“ते बसले नाहीत,” बाई म्हणाली. “पडले. सात वेळा. बाकीचेही पडले. मी ‘बसले’ लिहिलं. यंत्र तेच शिकलं.”

“बाईंना विश्रांतीची गरज आहे,” सर घाईघाईने म्हणाले.

“हिला काय कळतंय?” अप्पांचा आवाज चढला. “मी बसलोय का पडलोय ते मला कळणार नाही? माझे पाय आहेत!”

“अप्पा, पडलात तुम्ही.”

“चारचौघांत बापाला खोटं पाडतेस?”

“हो.”

कर्नलनी आभार वगैरे मानले नाहीत. हिरवी यंत्रं थांबवायला त्यांनी फोनवर दोन वाक्यं वापरली, आणि राखाडी यंत्रं आजच्या आज जमा करायला एक. सगळी, चोवीसच्या चोवीस. बाईने फक्त अप्पांची एक जोडी जाईल, एवढीच मनाची तयारी केली होती. खाली बसून ती अप्पांचे पट्टे सोडवू लागली. बक्कलं अकरा होती. तोल जाऊ नये म्हणून धरायला तिचा खांदा होता, पण अप्पांनी भिंत धरली.

प्रयोगशाळेच्या दोन पहारेकऱ्यांनी अप्पांना खुर्चीसकट घरचे चार मजले चढवलं. बाईला नोटीस मिळाली, ती तिने न वाचताच पिशवीत टाकली. तेवीस घरांना फोन करायचे होते. यंत्राला जावयापेक्षा समजूतदार म्हणणाऱ्या आजींना काय सांगायचं, ते तिला सुचत नव्हतं.

“किती पोरं आहेत म्हणाला तो?” संध्याकाळी अप्पांनी विचारलं.

“चारशे.”

“यंत्राला नव्याने शिकवतील ना?”

“शिकवतील. आधी त्यांचं. मग आपलं.”

“कधी?”

“दोन वर्षं. कदाचित तीन.”

अप्पा एक्क्याऐंशीचे होते. “बरं,” ते म्हणाले, आणि तिने पुढे केलेला पाण्याचा पेला त्यांनी घेतला नाही.