नानासोचा ग्लास

"आवं, चूल इझली. तिकडं काय बघताय?" भामाबाईने विचारले.

"काय न्हाई," कोंडीबा म्हणाला आणि बघतच राहिला.

मेढ्याच्या स्टँडसमोर, रस्त्यापलीकडे हिंदुरावचा स्टोव्ह भरभरत होता. त्र्याहत्तर साली तो फौजेतून सुटून आला आणि त्याने चहाचे दुकान टाकले. पाण्याचा थेंब नाही. नुसत्या दुधात आले, वेलदोडा, साखर. लोक त्याला मिल्ट्री चहा म्हणत. अलीकडे कोंडीबाच्या टपरीवरचा चहा गुळाचा. गवती चहाची पात चुरगळून पाण्यात टाकायची, मग पूड, गूळ, आणि भांडे खाली उतरवल्यावर वरून दूध.

बाकीची गिऱ्हाइके गेली, ते त्याने सोसले. पण साताऱ्याच्या पहिल्या गाडीचा ड्रायव्हर नानासो! त्याला खिडकीतून ग्लास द्यायचा तो कोंडीबानेच. आता तिथे हिंदुरावचा हात जायचा. तो हात दिसला की कोंडीबाला दिवसभर घास गोड लागत नसे.

आज त्याने चूल पुन्हा पेटवून सगळे दूध पातेल्यात ओतले. आले ठेचले. भामाबाईने शेजारून मागून आणलेली साखर वाटीत तयार होती. गाडी लागताच तो ओरडला, "नानासो, आज हिकडं! मिल्ट्रीपरास भारी!"

"व्हय? आण की गड्या!"

पलीकडे हिंदुरावचा हात कप भरता भरता थांबला. ते पाहून कोंडीबाला असा आनंद झाला की पातेल्याकडे न बघताच त्याने सवयीच्या डब्यात हात घातला. गुळाचा खडा उकळत्या दुधात पडला.

दूध फाटले.

"आरं, चा मागितला, तू खरवस केलास व्हय!" नानासो म्हणाला. उतारू हसले.

हिंदुराव रस्ता ओलांडून आला. तो हसला नाही, हेच कोंडीबाला जास्त लागले.

"तात्या, गुळाच्या चाला दूध उतरवल्यावर. भरतीला जायच्या आदी तुमीच शिकवलं न्हवं मला?"

नानासोने हॉर्न दिला. कोंडीबाने फळीवरचा नानासोचा जाड काचेचा मोठा ग्लास काढला. तो त्याने दुसऱ्या कुणाला कधी दिला नव्हता. धोतराच्या सोग्याने पुसून त्याने तो हिंदुरावच्या हातात ठेवला.

"ह्याच्यात दे त्याला. बारक्या कपानं त्याचं भागत न्हाई."

गाडी सुटली तेव्हा कोंडीबाने मान वर केली नाही.

"पाणी किती ठिवू?" भामाबाईने विचारले.

"आपल्या दोघांचं," तो म्हणाला. "कोराच कर."